स्लॅब टाकण्यापूर्वीं

गेल्या वैशाखांत आम्ही दौंडास धाकट्या बंधूंच्या घरीं मुक्कामास होतों. एके दिवशीं सकाळीं तेथील एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस दोन सभासदांसह भेटीस आले. संस्थेची शाळा वाढत आहे. रस्त्यालगत जुनी काळ्या दगडाची इमारत, तिच्या मागें दहा वर्षांपूर्वीं बांधलेली दुमजली, आणि आतां मैदानाच्या पलीकडच्या अंगास तिसरी उभी राहत आहे. तिचें जोतें झालें होतें, खांब वर आले होते, आणि पहिला स्लॅब महिनाभरांत टाकावयाचा होता. तिन्ही इमारतींत संगणक बसवावयाचे ठरलें असून एका व्यापाऱ्याचें दरपत्रकही आलें होतें. "गुरुजी, आपण शिरूरकडे तीस वर्षें शाळेंत काढलींत. यावर एकदां नजर टाकावी, एवढीच विनंति," असें म्हणून चिटणिसांनीं तो कागद आमच्या हातीं दिला.

चाळीस संगणक, वर्गांत लावावयाचे सहा मोठे पडदे, वायफायचे आठ डबे, दोन प्रिंटर. प्रत्येकाची किंमत, हमीचीं वर्षें, सर्व कांहीं व्यवस्थित लिहिलेलें. आणि अगदीं शेवटीं एक ओळ: "वायरिंग व इतर किरकोळ."

ती ओळ वाचतांच आम्हीं चष्मा काढून ठेवला. कां, तें वाचकांस सांगितलेंच पाहिजे. त्यांत आमची नामुष्की आहे. परंतु ती सांगितल्यावांचून पुढील मजकुरास पाया राहणार नाहीं.

आमच्या नोकरीचीं शेवटचीं पांचसहा वर्षें उरलीं असतां आमच्या शाळेंत संगणक आले. कचेरी एका इमारतींत, संगणकांची खोली दुसरींत, आणि मध्यें अंगण. दोन्ही ठिकाणें जोडावयाचीं होतीं. काम करणारा मुलगा शहाणा होता. तो म्हणाला, जमिनींत चर खणून पाईपांतून केबल नेऊं. आम्ही खरेदीच्या समितींत होतों. "एवढ्यासाठीं अंगण कशाला उखडतां? मध्यें लिंबाचें झाड आहे, त्याच्या फांदीवरून ओढा," असें आम्हींच सांगितलें, आणि वाचलेल्या पैशांत कचेरीस दोन खुर्च्या घेतल्या. दोन वर्षें सुखानें गेलीं. तिसऱ्या मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला. वीज झाडावर पडलीही नाहीं. दूर नदीच्या अंगास कोठें तरी पडली. पण अशा वेळीं दोन इमारतींच्या जमिनी क्षणभर विजेच्या हिशेबानें सारख्या राहत नाहींत, त्यांतला फरक तांब्याच्या तारेंतून धांवतो, आणि उघड्यावर टांगलेली तार आकाशांतील तडाखाही ओढून घेते. दोन्ही टोंकांचे स्विच जळाले, खोलींतले पांच संगणक गेले, आणि कचेरींतला एकुलता एक संगणकही गेला.

त्या कचेरींतल्या संगणकांत आठवी-नववीचे वर्षभराचे गुण होते. दुसरी प्रत नव्हती. "सुटींत वहींत उतरवून घेऊं" असें म्हणून राहिलें होतें. मग शिक्षकांच्या टांचणवह्या गोळा करून पंधरा-वीस दिवस तें काम चाललें. तेवढ्यांत न्हावऱ्याकडून एक मुलगी तीनदां आली. तिला वसतिगृहाच्या अर्जास जोडण्यासाठीं नववीचें गुणपत्रक हवें होतें. पहिल्या दोन खेपांस तिचे वडील बरोबर होते. तिसऱ्या वेळीं ती एकटीच आली, कारण वडिलांचा रोज बुडत होता. आम्हीं तिला चवथ्यांदा यावयास सांगितलें. ती आली नाहीं. अर्जाची मुदत टळून गेली होती. पुढें ती शिकली कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. खुर्च्या मात्र अजून शाबूत आहेत असें ऐकतों.

दौंडाच्या मंडळींना आम्हीं त्या दिवशीं हें कांहीं सांगितलें नाहीं. "आठ दिवस द्या," एवढेंच म्हटलें.

आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकचें आणि संस्कृताचें. तेव्हां प्रथम शब्दाकडेच लक्ष गेलें. संस्कृतांत 'जाल' म्हणजे कोळ्याचें जाळें, तसेंच भिंतींतली जाळीची खिडकीही, आणि इंद्रजालांतला भुलावणीचा अर्थही तोच शब्द वाहतो. शाळेच्या जाळ्यांत हे तिन्ही अर्थ आहेत असें आम्हांस वाटतें. परंतु शब्दार्थानें केबल ओढली जात नाहीं. सुदैवानें आमच्या बंधूंची थोरली सून पुण्यास एका कारखान्यांत नेमकें हेंच काम पाहते आणि शनिवारीं रात्रीं घरीं येते. जेवणें झाल्यावर आम्हीं दरपत्रक तिच्यापुढें ठेवलें. तिनें तें वाचलें नाहीं. उलटें करून कोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढले.

"काका, संगणक किती, हें शेवटीं विचारायचें. आधीं खोल्या किती, माणसें किती, कोण कोणत्या कामासाठीं बसणार, आणि पांच वर्षांनीं चौथा चौकोन कुठें येणार, हें सांगा."

पहिल्या तिन्हींचें उत्तर आम्ही देऊं शकलों, चौथ्याचें नाहीं. ती म्हणाली, "मग तो कुठेंही आला तरी चालेल अशी वाट ठेवली पाहिजे. संगणक पांचसहा वर्षांत जुने होतात. जमिनींतला पाईप तुमच्या नातवंडांच्या मुलांनाही पुरेल."

दुसऱ्या दिवशीं रविवार. ती, आम्ही, बंधू आणि शेजारचीं दोन मुलें, मोजपट्टी व वाळत घालण्याची दोरी घेऊन शाळेंत गेलों. तांब्याच्या या केबलीस एक मर्यादा आहे: स्विचपासून यंत्रापर्यंत १०० मीटर, आणि त्यांत भिंतींतली पक्की केबल ९० मीटरांपर्यंतच धरावी, उरलेले दहा दोन्ही टोंकांच्या सुट्या तुकड्यांस. नकाशावर जुन्या इमारतींतून नव्या इमारतीचें अंतर ८५ मीटर दिसत होतें, आणि व्यापाऱ्यानेंही बहुधा तेवढेंच पाहिलें असावें. दोरी मात्र कावळ्यासारखी सरळ जाईना. ती भिंतीवरून खालीं उतरली, हौदाला वळसा घालून गेली, मैदानाच्या कडेनें फिरली, पुन्हां भिंत चढली. मुलांनीं गांठी मोजल्या: १३२. शाळेंत भूमितीचा तास कसा घ्यावा याचा एक चांगला नमुना आम्हांस निवृत्तीनंतर सांपडला.

तेव्हां इमारती-इमारतींमध्यें तांबें नकोच. तेथें फायबर पाहिजे. हा कांचेचा केसासारखा धागा असून त्यांतून वीज न जातां प्रकाश जातो. त्यामुळें अंतराची अडचण उरत नाहीं, आणि आमच्या लिंबाच्या झाडावरची गोष्टही त्यांत घडत नाहीं. फायबर ही कांहीं विलायतेची अपूर्वाई राहिलेली नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, आकाशांतल्या रेडिओलहरी ऐकणारी महाकाय दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्यांपैकीं चौदा मध्यावर सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत, आणि सोळा तीन फांट्यांनीं पसरल्या आहेत. टोंकांमधलें अंतर पंचवीस किलोमीटरांपर्यंत जातें. या प्रत्येक तबकडीचें म्हणणें जमिनींतल्या फायबरवरून मध्यवर्ती इमारतींत येतें. जेथें आकाशगंगेपलीकडची कुजबूज ऐकावयाची आहे तेथें कोणी तारा झाडावरून ओढल्या नाहींत.

आमचे बंधू रेल्वेंतून निवृत्त झालेले; तें ऐकून ते म्हणाले, "हें तर जंक्शनच झालें." आणि खरोखरच मुख्य स्विच म्हणजे जंक्शन होय. आलेला डबा कोणत्या गांवचा हें वाचून त्यास त्याच रुळावर सोडणें एवढेंच त्याचें काम. पण बंधूंनीं पुढें जें सांगितलें तें अधिक कामाचें होतें. दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालीं सुरू झाला. पुण्याकडून येऊन त्या मार्गास लागणारी गाडी पिढ्यान्‌पिढ्या दौंडास थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोंकास लावी, आणि उलटी निघे. दौंडास खोळंबा झाला कीं मागचें सगळें खोळंबे. अलीकडे बगलेनें कॉर्डलाईन झाली, तेव्हांपासून कित्येक गाड्या परस्पर निघून जातात. सूनबाईंनीं तत्काळ कागदावर मैदानाच्या दुसऱ्या कडेनें एक तुटक रेघ ओढली. दुसरी इमारत आणि तिसरी इमारत यांना जोडणारी ही बगल. आज तींत केबल घालावयाची नाहीं, रिकामा पाईप तेवढा ठेवावयाचा. पुढेंमागें चर खणतांना कोणाची कुदळ मुख्य वाटेवर पडली, तर तिसरी इमारत तुटून राहणार नाहीं.

पाईपांविषयीं तिनें जें सांगितलें तें आम्हीं वहींत उतरून घेतलें, आणि ज्यांच्या गांवीं शाळा वाढत असेल त्यांच्यासाठीं येथें देतों. एक पाईप लागत असेल तर तीन टाकावे. चर एकदांच खणावा लागतो, आणि पाईपापेक्षां खणण्याचीच मजुरी जास्त असते. विजेची केबल त्याच पाईपांत कधींही घालूं नये. तिचा चर वेगळा, निदान हातभर दूर. वळणें काटकोनांत नकोत, कारण कांचेचा धागा मोडतो. प्रत्येक वळणावर झांकणाचें चेंबर बांधावें. रिकाम्या पाईपांत नायलॉनची दोरी ओंवून ठेवावी म्हणजे दहा वर्षांनीं केबल ओढणारा आशीर्वाद देईल. तोंडें बंद करावीं, नाहीं तर आधीं पाणी शिरतें आणि मग उंदीर. नव्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर एकाखालीं एक येईल अशी लहानशी खोली स्विचांच्या कपाटासाठीं सोडावी. जिन्याखालची, संडासालगतची किंवा उन्हाच्या भिंतीची नको. दौंडाच्या उन्हाळ्यांत बंद पेटींतलें यंत्र माणसाआधीं आजारी पडतें. त्या खोल्यांमधून वर जाणारें भोंक स्लॅब टाकतांनाच ठेवावें. मागाहून तेंच भोंक पाडावयास यंत्र आणावें लागतें, आणि लोखंडी सळई तुटली तर इंजिनीअरांचे टोमणे ऐकावे लागतात तें वेगळेंच.

येथें पुष्कळ वाचक म्हणतील कीं, आतां सर्व बिनतारी झालें आहे, मग हा खटाटोप कशाला? समितींतल्या एका गृहस्थांनींही अगदीं हेंच विचारलें. त्याचें उत्तर असें कीं, वायफायचा डबा बिनतारी नसतो. त्याच्यापासून मुलाच्या टॅबपर्यंतचें शेवटचें अंतर तेवढें हवेंतून. डब्यापर्यंत केबल पाहिजेच, आणि हल्लीं त्याला वीजही बहुधा त्याच केबलींतून देतात. शिवाय हवा ही सामाईक. वर्गांत सगळीं मुलें एकदम बोलूं लागलीं तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं, म्हणून आपण हात वर करावयास लावतों. वायफायमध्येंही एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. चाळीस मुलें एका डब्याशीं बोलूं लागलीं कीं प्रत्येकाची पाळी उशिरां येते. जुन्या पद्धतीच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यांत एकमेकांस अडथळा न करणाऱ्या वाटा तीनच आहेत; तेव्हां नुसते डबे वाढवूनही भागत नाहीं. पांच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत वाटा अधिक आहेत, पण जुन्या इमारतीच्या दीड हात जाडीच्या दगडी भिंतीपुढें त्या लहरी हात टेकतात. म्हणून डबे ओसरींत ओळीनें न लावतां, जेथें मुलें बसतात त्या वर्गांत लावावे, आणि जेथें बसून काम करावयाचें, म्हणजे कचेरी आणि प्रयोगशाळा, तेथें सरळ केबल द्यावी.

बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा हिशेबही आम्हीं त्रैराशिकानें मांडला. चलच्चित्र पाहणाऱ्या एका मुलास साधारण २ एमबीपीएस धरले तर चाळिसांस ८०. म्हणजे १०० एमबीपीएसची जोडणी एकच वर्ग पिऊन टाकील आणि त्याच वेळीं कचेरींत 'सरल', 'शालार्थ' किंवा 'यू-डायस प्लस' उघडून बसलेले लेखनिक कपाळास हात लावतील. यावर उपाय अधिक पैसे भरणें हा एकटाच नाहीं. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पीडीएफ स्वरूपांत मिळतात; तीं एकदां उतरवून शाळेंतल्याच एका संगणकावर ठेवलीं तर चाळीस मुलांस चाळीस वेळां बाहेर जावें लागत नाहीं. घरांत विहीर असतांना प्रत्येक तांब्यासाठीं नदीवर कोण जातो?

आतां कोणास कोठवर येऊं द्यावयाचें, हा प्रश्न. येथें आम्हीं सूनबाईंस आपल्या जुन्या वाड्याची उपमा सुचविली. पाहुणा ओसरीवर बसतो, ओळखीचा दिवाणखान्यांत येतो, माजघरांत घरचींच माणसें, आणि कोठीच्या खोलींत तर ज्याच्याकडे किल्ली तोच. शाळेचें जाळेंही असेंच खणांत विभागतां येतें. तारा त्याच, स्विच तेच, पण मुलांचा खण निराळा, शिक्षकांचा निराळा, कचेरीचा निराळा, आणि भेटीस आलेल्या पालकांच्या फोनांसाठीं नुसती ओसरी. मग ओसरीवरच्या एखाद्या फोनांतून रोग शिरला तरी तो गुणपत्रकांपर्यंत पोंचण्यास मध्यें दारें असतात. २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें आहे, आणि त्यांची माहिती हाताळण्यास पालकांची संमति हा त्यांतला सर्वसाधारण नियम आहे. तेव्हां मुलांचे पत्ते, फोटो आणि गुण जेथें आहेत ती कोठीची खोली उघडी टाकणें आतां नुसती हयगय राहिलेली नाहीं.

उपमा सूनबाईंस आवडली, पण ती हंसून म्हणाली, "काका, वाड्यांत कोठीची किल्ली आजींच्या कमरेला असायची. शाळेंत ती कोणाकडे असते, माहीत आहे? यंत्रें बसवून गेलेल्या मुलाकडे. तो नोकरी सोडून जातो आणि सगळे सांकेतिक शब्द त्याच्याबरोबर जातात."

ही गोष्ट आम्हीं स्वप्नांतही आणली नव्हती. म्हणून योजनेंत आणखी एक कलम घातलें: प्रत्येक यंत्राचा सांकेतिक शब्द लिफाफ्यांत लिहून, मोहर करून, मुख्याध्यापिकाबाईंच्या तिजोरींत, आणि गुणांची एक प्रत दर शनिवारीं दुसऱ्या इमारतींत, एक महिन्याकांठीं कागदावर. कागदाविषयीं सूनबाईंचा आग्रह नव्हता. तें कलम आमचें.

आठव्या दिवशीं सभा भरली. बोलणें निघालें तें शिरूर तालुक्यांतील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेपासून. कांचेच्या भिंतींचे वर्ग, मुलांच्या हातीं टॅब; तिचा लौकिक दूरवर गेला आहे, आणि आपलीही शाळा तशी दिसावी अशी इच्छा सभासदांस होणें स्वाभाविक आहे. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, त्या शाळेच्या वर्गांआधीं तेथील गांवकऱ्यांनीं जमीन आणि पैसा उभा केला होता, आणि तें छायाचित्रांत दिसत नाहीं. नंतर योजना वाचून दाखविली. पाईप, चर, चेंबरें, फायबर, दोन यूपीएस, चांगलें अर्थिंग, तीन लहान खोल्या. याचा खर्च भागवावयाचा तर चाळिसांऐवजीं बत्तीस संगणक घ्यावे, आणि सहा पडद्यांपैकीं दोन पुढील वर्षीं.

यावर एक सभासद उठले. ते कंजूष नव्हते कीं अडाणीही नव्हते. शाळेसाठीं स्वतःची देणगी दिलेले गृहस्थ. ते म्हणाले, "गुरुजी, पालक येतात ते संगणक मोजतात. जमिनींतला पाईप कोण मोजणार? शेजारच्या शाळेनें साठ संगणकांची जाहिरात केली आहे. प्रवेश कमी झाले तर तुमच्या पाईपांतून फी येणार आहे काय?" त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. तुकड्या टिकल्या नाहींत तर शिक्षक टिकत नाहींत, हें आम्हीं तीस वर्षें पाहिलें आहे. आमच्याजवळ त्याला आंकड्यांचें उत्तर नव्हतें. तेव्हां आम्हीं लिंबाच्या झाडाची हकीकत सांगितली; दोन खुर्च्यांसकट, आणि न्हावऱ्याच्या मुलीसकट. सांगावयाचें ठरवून गेलों नव्हतों. सांगतांना मध्येंच थांबावें लागलें, आणि मुख्याध्यापिकाबाईंनीं पाण्याचा पेला पुढें केला.

थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्याच सभासदांनीं विचारलें, "आठ संगणक कमी केले तर दुसऱ्या वाटेचाही पाईप त्यांत बसतो काय?" चिटणिसांनीं हिशेब केला. बसत होता. ठराव त्यांनींच मांडला. दोघे तटस्थ राहिले. त्यांपैकीं एकानें जातां जातां सांगितलें कीं, जाहिरातींत संगणकांचा आंकडा न घालतां नुसतें 'अद्ययावत' म्हणावें. तें आम्हांस पसंत नाहीं, पण तो अधिकार आमचा नव्हे.

चर खणण्यास पांच दिवस लागले. स्लॅबच्या आदल्या सायंकाळीं आम्ही सेंटरिंगवर जाऊन उभे होतों. भोंकांसाठीं ठेवलेले पाईपाचे तुकडे सळयांमध्यें बांधले होते. गवंड्यानें एक कमी बसविला होता, तो सूनबाईंनीं फोनवरील छायाचित्र पाहून पुण्याहून ओळखला आणि रात्रींच बसवून घेतला. चरांचा मोजमापांसह नकाशा आतां शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टराच्या पुठ्ठ्यास आंतून चिकटविलेला आहे. त्याची दुसरी प्रत आमच्याजवळ आहे. या मैदानांतही एक लिंबाचें झाड आहे. नकाशांत तें दाखविलें असून पाईपाची रेघ त्याच्या मुळांपासून चार हात दूर ठेवून गेली आहे.